चौघींचा करारनामा

"सर, तुमच्या लग्नात प्रस्ताव कोणी ठेवला होता आणि स्वीकृती कोणी दिली?"

हा प्रश्न मी विचारला. बारावी वाणिज्यच्या वर्गात, एकतीस मुलं आणि मला धरून चार मुली यांच्यासमोर, काळमेघ सर फळ्यावर 'कराराची आवश्यक अंगे' लिहीत असताना, चांगली उभी राहून विचारला. प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या बाकावरच्या तिघींनी, म्हणजे शकुन, मंदा आणि गिरजा यांनी मधल्या सुट्टीत तयार केला होता. "तुझ्यात दम नाही व हेमलता," असं शकुन म्हणाली आणि मी ओंजळभर बोरांची पैज घेतली.

गेल्या वर्षीपर्यंत माझा आवाज असा होता की मी हजेरीला 'हजर' म्हणायची आणि मास्तर गैरहजेरी मांडायचे. यंदा गणेशोत्सवात वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस मिळालं, एक स्टीलचा पेला, आणि तेव्हापासून मला कोणीही काहीही विचारायला सांगावं. स्पर्धेत दोघीच होतो, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

काळमेघ सरांचं लग्न गेल्या वैशाखातच झालेलं. त्यांचे कान लाल झाले. पण माणूस प्रामाणिक. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "प्रस्ताव माझ्या वडिलांनी ठेवला. स्वीकृती तिच्या वडिलांनी दिली."

"मग तुम्ही दोघं, सर?"

"आम्ही..." सरांनी थोडा विचार केला. "आम्ही कराराची विषयवस्तू होतो. खाली बसा."

वर्ग हसून लोळला. मी मात्र बसले नाही. कारण आता मला खरोखरचा, माझा स्वतःचा प्रश्न पडला होता.

"सर, मैत्रिणींनी एकमेकींना शब्द दिला आणि एकीनं मोडला, तर?"

"मैत्रीतल्या शब्दांत कायदेशीर संबंध जोडायचा हेतू नसतो. उद्या जेवायला ये म्हटलं आणि स्वयंपाकच केला नाही, तर दावा लावता येत नाही."

"आणि स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं तर?"

"तर हेतू होता असं दिसेल, कदाचित," सर म्हणाले आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. त्यांचं सगळं वाक्य मी वहीत उतरवलं. फक्त 'कदाचित' राहून गेला.

आता मला स्टॅम्प पेपरची एवढी निकड का होती, तर बाबांमुळे. बाबा पंचायत समितीत बाबू आहेत, त्यामुळे घरातही कुठलीच गोष्ट ते अटीशिवाय मंजूर करत नाहीत. बारावीनंतर मला भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.कॉम.ला जायचं होतं. मोहाडीहून रोज एस.टी.नं जाणं-येणं. बाबांनी जेवता जेवता निकाल दिला होता : "चौघी जात असान त जा. एकटीले मी नाही पाठवत." आईनं त्यावर वरण वाढून शिक्का मारला.

चौघी जाणारच होतो. चौंडेश्वरीच्या देवळात चौघींनी तसा शब्द दिला होता. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. घरी मला भाऊ नाही, बहीण नाही. संध्याकाळी आई चुलीपाशी आणि बाबा फायलीपाशी बसले की आमच्या घरात घड्याळाचाच काय तो आवाज. त्यामुळे इतरांना मैत्रिणी असतात, तशा मला या तिघी नव्हत्या. मला फक्त याच होत्या. आणि दिवाळीपासून काहीतरी बिनसत चाललं होतं. कॉलेजचा विषय काढला की शकुन वेणी सोडून पुन्हा घालायची. मंदा म्हणायची, "पाहू ना." गिरजा हसायची, पण गिरजा कशालाही हसते.

म्हणून मी ठरवलं, यांना बांधून घ्यायचं. कायद्यानं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली गेले. तिथे जागेश्वरजी पत्र्याची पेटी घेऊन बसतात. स्टॅम्प विकतात आणि अर्जही लिहून देतात.

"का पाहिजे व पोरी?"

"पाच रुपयांचा स्टॅम्प पेपर."

"कायले?"

"करार करायचा आहे."

"कोनासंग?"

"ते खाजगी आहे," मी म्हणाले.

वक्तृत्वात दुसरं बक्षीस मिळवलेल्या मुलीनं शब्द जपून वापरायला हवे होते. जागेश्वरजींनी चष्मा काढला, धोतरानं पुसला आणि पुन्हा घालून मला नीट पाहिलं. वाटणीपत्रासाठी बसलेले दोघं भाऊ आपलं भांडण थांबवून माझ्याकडे वळले.

"वय का आहे?"

"सतरा वर्षं नऊ महिने."

"बापाचं नाव?"

"ताराचंद ठवकर."

"पंचायत समितीतले बाबू? मंग मोठ्या मानसाले घेऊन ये. अज्ञान पोरीले मी स्टॅम्प देत नसतो."

अज्ञान! सहामाहीला बुक-कीपिंगमध्ये मी वर्गात पहिली. पण अठरा पूर्ण नसलेल्याला कायदा अज्ञान म्हणतो, आणि अज्ञानानं केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे काळमेघ सरांनी मागच्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी ते पाठही केलं होतं. पाठ केलेली गोष्ट आपल्याला लागू असते, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

मोठं माणूस म्हणून मी शेजारच्या मंगलाबाईंकडे गेले. त्या शिवणकाम करतात आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईचं माप त्यांना तोंडपाठ आहे, ब्लाउजचंही आणि बाकीचंही. मी सांगितलं, स्टॅम्प पेपर आणायला सोबत चला, पण घरी बोलू नका. त्यांनी मशीन थांबवली.

"कोन आहे तो?"

"तो नाही काकू. त्या. तिघी आहेत."

"तिघी?"

मी सगळं समजावून सांगितलं. शब्द, एस.टी., बाबांची अट. कटलेला पतंग कुठून कुठे गेला म्हणून पोरं बघतात, तशा त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"बरं, नको सांगू मले. मी पन बाईमानूस आहो. फक्त एक सांग, आपल्यातलाच आहे ना?"

"काकू, सगळ्या आपल्याच आहेत! शकुन तर तुमच्या जाऊबाईंची भाची."

"म्हंजे तिचा भाऊ!" मंगलाबाई एकदम खूश झाल्या. "सायकल दुकानवाला घनश्याम! बरा आहे पोरगा."

या घनश्यामशी मी आयुष्यात 'हवा भरा' या दोन शब्दांपलीकडे बोललेली नाही. मी तसं शपथेवर सांगितलं. मंगलाबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि पायात चपला घातल्या. शुक्रवारी दुपारी स्टॅम्प मिळाला. जागेश्वरजींनी वहीत मंगलाबाईंचं नाव लिहिलं आणि मला म्हणाले, "विचार करून कर बरं बेटा. कागद परत घेता येत नाही."

शनिवारी मी मसुदा लिहायला बसले. प्रतिफलावर, म्हणजे शब्दाच्या बदल्यात कोणी काय द्यायचं त्यावर, अडले. प्रतिफल नसेल तर करार होत नाही, पण ते पुरेसं असलंच पाहिजे असं नाही, हे कायद्याचं मला फार आवडलेलं वैशिष्ट्य. माझ्याकडून मी तीन वर्षं सगळ्या वह्या देणार होते. शकुननं तिच्या घरचं बोरकूट, मंदानं केसांच्या वेण्या घालून देणं, आणि गिरजानं कंडक्टरशी बोलणं, कारण तिला लाज नाही. एस.टी.तली खिडकीची जागा आळीपाळीनं. आजारपण, सुतक आणि पुरामुळे बंद पडलेली गाडी यांना माफी.

समोरचे टेकचंदकाका रिटायर पोस्टमास्तर. लिहिणारं माणूस दिसलं की त्यांना ओट्यावर बसवत नाही. त्यांनी मसुदा वाचला आणि मान हलवली.

"दंडाचं कलम कुठी आहे? दंड नाही त करार म्हंजे बिनदाताचं कुत्रं."

म्हणून नववं कलम घातलं : करार मोडणारीने उरलेल्या तिघींची दप्तरे तीन वर्षे बसस्थानकापर्यंत वाहावीत. काकांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि तारखेखाली एक रेघ ओढली. कशासाठी ते सांगितलं नाही. पोस्टात ओढत असावेत.

रविवारी तीन वाजता देवळाच्या पायऱ्यांवर यायचं, असं मी तिघींना कळवलं होतं. मी अडीचलाच जाऊन बसले. घरून दौत, टाक आणि टीपकागद नेला होता. तीन वाजले. सव्वातीन झाले. एक शेळी येऊन टीपकागद हुंगून गेली. साडेतीनला गिरजा आली, बोरं खात.

"आण, कुठी करू सही?" ती म्हणाली. वाचलं नाही, विचारलं नाही, शाईचा एक ठिपका पाडून भली मोठी 'गिरजा' लिहून मोकळी झाली.

"शकुन कुठे आहे?"

"तिची माय येऊ देत नाही. तुयासंग बोलू नको म्हणते. तुयं अन् घनश्यामदादाचं का होय?"

"काही नाही होय!"

"मी पन हेच म्हणलं. तो त आंधळगावले मामाकडे पळून गेला ना भेवानं. तुये बाबा मारतीन म्हणते." गिरजा पोट धरून हसली. मग बी थुंकून म्हणाली, "शकुनले नागपूरले मावशीकडे पाठवून राहिले. परीक्षा झाली की."

मी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"आणि तू?"

"आमी त सिहोऱ्याले चाललो ना व. बाबानं तिथी दुकान घेतलं. गल्ल्यावर मलेच बसा लागन."

"मग सही कशाला केली?"

गिरजानं माझ्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. "तू म्हणली म्हून."

पुस्तकात मुक्त संमतीचं एक पूर्ण पान आहे. धाकानं दिलेली संमती, फसवून घेतलेली संमती, चुकून दिलेली संमती. मैत्रिणीचं मन मोडवत नाही म्हणून दिलेली संमती त्यात कुठेच नाही. मी दोनदा पाहिलं.

गिरजा बाजाराला गेली. मी कागद गुंडाळला. अजून मंदा होती. चौघी नसल्या तरी दोघी होतो, आणि दोघींवर बाबांशी घासाघीस करता आली असती. मंदाचं घर पाटाच्या पलीकडे. मी जवळजवळ पळतच गेले.

मंदाच्या अंगणात मांडव होता. छोटासाच, चार बांबूंचा. सतरंजीवर पाहुणे बसले होते, परातीत पान-सुपारी, आणि मध्ये पाटावर पिवळ्या साडीत मंदा. तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, चाललं होतं. कालच ती माझ्याकडून बुक-कीपिंगची वही घेऊन गेली होती. एक शब्द बोलली नव्हती.

मी दारातच थबकले. मागे फिरणार तेवढ्यात नवऱ्या मुलाचे मामा, मोठ्या मिशांचे, माझ्या हाताकडे बोट दाखवून म्हणाले, "ते का होय व पोरी?"

"स्टॅम्प पेपर आहे जी."

सतरंजीवरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "सुखरामजी," ते मंदाच्या वडिलांना म्हणाले, "आमच्यापासून लिहून घेऊन राहिले का? साक्षगंधाच्या दिवशी?"

"कोन? मी? नाही जी!"

"मंग पोरीच्या हाती स्टॅम्प कायले पाठवला? आमच्या घरी चार पिढ्यांच्या सोयरिकी झाल्या. कागदाले शाई नाही लागली. जबान दिली म्हंजे दिली! आमची जबान कमी पडली का तुमाले?"

"मामाजी, बसा त—"

"नाही बसत! माये जोडे कुठी आहेत?"

सगळे उठले. कोणी जोडे शोधायला, कोणी लपवायला. सुखरामजी हात जोडून फिरत होते, मंदाची आई आत रडायला लागली. मी ओरडून सांगत होते की हा कागद तुमचा नाही, माझा आहे, मैत्रीचा आहे. पण माझ्या स्टीलच्या पेल्याच्या आवाजाचा तिथे काही उपयोग नव्हता. शेवटी पाहुण्यांतल्या एका गुरुजींनी माझ्या हातून कागद घेतला आणि चौथीच्या मुलांना धडा वाचून दाखवावा तसा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'लिहून देणार क्रमांक एक, कुमारी हेमलता ताराचंद ठवकर... आम्ही चौघी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना, भंडारा येथील महाविद्यालयात तीन वर्षे सोबत जाऊ.'"

मामांनी एक जोडा हातात घेतलेला, तसेच उभे राहिले.

"'खिडकीची जागा आळीपाळीने.'"

बायकांकडून कोणीतरी फिसकन हसलं. बोरकूट आलं तेव्हा पुरुष हसले. दप्तरं वाहण्याच्या नवव्या कलमाला मामा खाली बसले आणि मिशांवर आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत हसत राहिले. सोयरीक वाचली. मला कोणीतरी हाताला धरून सतरंजीच्या कोपऱ्यावर बसवलं.

"का व बेटा," मामा मंदाला म्हणाले, आता फार मायेनं, "कालेजात जाणार होती का तू?"

मंदानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग पायाच्या अंगठ्याकडे.

"नाही जी. तो खेळ होता आमचा."

काळमेघ सर बरोबर होते. हेतू नव्हता. निदान चौघींचा नव्हता.

मला बुंदीच्या लाडवांची बशी दिली. मी दोन्ही लाडू खाल्ले, कारण हातांनी दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. गुरुजींनी कागद परत दिला, घडी घालून, आणि म्हणाले, "अक्षर छान आहे."

पाटाच्या कडेनं मी परत आले. धान कापून झालेल्या बांध्यांत बगळे उभे होते, एकमेकांपासून चांगले लांब लांब. एरवी हा रस्ता चौघींना पुरायचा नाही, एकीला नेहमी चिखलातून चालावं लागायचं. आज सगळा रस्ता माझा होता. मी मधोमध चालले. मग कडेनं चालून पाहिलं. काही फरक पडला नाही.

घरी बाबा खुर्चीत, आई दाराशी डोळ्यांना पदर लावून, आणि मंगलाबाई उंबरठ्यावर, आपण काहीच बोललो नाही असा चेहरा करून.

"कोन आहे तो?" बाबांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात बाबा फक्त साहेबांशी बोलतात.

मी कागद त्यांच्या हातात दिला. "चौघी आहोत. वाचा."

बाबांनी खिशातून पेन्सिल काढली. सवयच ती. पहिल्या कलमापासून साक्षीदाराच्या सहीपर्यंत वाचलं, टेकचंदकाकांच्या रेघेवर थांबले, पुन्हा वर गेले. मंगलाबाई मान लांब करून कागदात घनश्याम शोधत होत्या. तो नाही म्हटल्यावर त्यांना दूध उतू जात असल्याचं आठवलं.

"मसुदा चांगला आहे," बाबा शेवटी म्हणाले. "पन सगळ्या अज्ञान आहेत. चालत नाही."

"मले माहीत आहे."

"सही त एकीचीच दिसते. तुयी पन नाही."

मी पाहिलं. खरंच, माझी करायची राहूनच गेली होती.

"शकुन?" आईनं विचारलं. मी मान हलवली. "मंदा?" पुन्हा हलवली. गिरजाचं तिनं विचारलंच नाही. माझा चेहरा बघून तिनं पदर डोळ्यांवरून काढला आणि माझी वेणी उगाचच सारखी केली. "जाऊ दे बेटा. मंगलाबाईकडे मशीन शिकून घे. घरच्या घरी बरं."

बाबांनी कागद टेबलावर ठेवून त्यावर पेपरवेट ठेवलं. कामकाज संपलं की ते असंच करतात. "चौघी त राहिल्या नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखं वाटत असावं. "म्हंजे विषयच मिटला."

घड्याळाचा आवाज यायला लागला. मला उद्याचा बाक दिसला. एका टोकाला शकुन, जिला माझ्याशी बोलायचं नाही. मंदाची जागा, जिथे मंदा बसेल किंवा बसणारही नाही. गिरजा हसेल. होळी होईल, परीक्षा होईल, आणि मग मी दारात उभी राहून भंडाऱ्याची गाडी बघेन, आणि ती रोज वेळेवर सुटेल. कोणी येतं का म्हणून वाट पाहत मी तीस वर्षांची होईन. ब्लाउज शिवेन. मापं पाठ होतील.

मी पेपरवेट बाजूला केलं.

"आई, बाबा, ऐका," मी म्हणाले. आवाज स्पर्धेतला नव्हता, बारीकच निघाला, पण दोघांनी वर पाहिलं. "मी जूनमध्ये भंडाऱ्याले कॉलेजात जातो. एकटी जातो. सोबत शोधून पाहिली, नाही भेटली. मले भेव लागते, ते मी लपवत नाही. पन मी जातो."